अकरा पावलं

गोकुळ सरांच्या मोटारसायकलवर मागे माणूस बसत नाही, पिशवी बसते. रबरी पट्ट्यांनी करकचून बांधलेली, दोन्ही बाजूंनी फुगलेली ही पिशवी शिरूर तालुक्याच्या नदीकाठच्या गावांत सरांच्या आधी ओळखली जाते. आत एक लाल चेंडू, खुळखुळा, ओवायचे मोठे मणी, चिंचोक्यांची डबी, शाईचा पॅड, स्टेपलर, फोटो काढताना पाठीमागे धरायची पांढरी चादर आणि तेवीस मुलांच्या तेवीस फायली. प्रत्येक फायलीत आधार, रेशनकार्ड, जन्मदाखला, सगळ्याच्या पाच-पाच प्रती. शिबिरात एखादी आई म्हणाली, "सर, झेरॉक्स घरीच राहिली," की सर तोंडाने तिला पाच मिनिटं झापतात आणि हाताने पिशवीतून झेरॉक्स काढून देतात. त्यांची बायको म्हणते, माझ्यापेक्षा तुम्ही त्या झेरॉक्सवाल्याला जास्त भेटता. ते खरंच आहे.

सर विशेष शिक्षक. ज्या मुलांना शाळेपर्यंत जाता येत नाही त्यांच्या घरी जाऊन शिकवायचं आणि सरकारने अशा मुलांसाठी जे जे काढलं आहे ते त्यांच्या उंबऱ्यापर्यंत पोचवायचं, असं त्यांचं काम. योजना काढणारे मुंबईत काढतात, पण ती वडगाव रासाईच्या शिवारात उतरवायची तर मुठी न उघडणाऱ्या लेकराची बोटं यंत्रावर टेकवावी लागतात, एका जागी न ठरणाऱ्या डोळ्यांचा फोटो काढावा लागतो, आणि नेट गेलं की ते यायची वाट बघत लेकराला चिंचोके मोजायला लावावे लागतात. हे कुठल्या परिपत्रकात लिहिलेलं नसतं. अठरा वर्षं सर हेच करत आले. स्वभाव तापट, आवाज मोठा आणि आपल्या मुलांचं कौतुक सांगायला लागले की थांबणं माहीत नाही. या शेवटच्या खोडीनेच त्यांचा घात केला.

तेवीस फायलींमध्ये एक प्रांजलची. भीमेच्या काठाला बिरदेवचं दोन एकरांचं रान आहे. त्याच्या आज्या-पणज्यांचं आयुष्य मेंढरांमागे गेलं. बिरदेव मात्र झेंडू आणि टोमॅटो लावतो. जुन्या वैभवातल्या उरल्या त्या चार शेळ्या. प्रांजल त्याची थोरली. सातव्या महिन्यात जन्मली, जन्मल्यावर बराच वेळ रडली नाही, आणि त्या तेवढ्या वेळात मेंदूला जी इजा व्हायची ती झाली. पाय कडक, टाचा वर उचललेल्या, उभं केलं की गुडघे एकमेकांवर चढायचे. डोकं मात्र तल्लख आणि जीभ डोक्याहून तल्लख. सर पहिल्यांदा घरी आले तेव्हा पाच वर्षांची ही पोर घोंगडीवर पडल्या पडल्या म्हणाली, "सर, तुमचं पोट लई पुढं आलंय." त्या दिवसापासून सरांना ही मुलगी जिवाची झाली.

सरांनी प्रांजलच्या आईला, शितलला, व्यायाम शिकवले. पाय कसा ताणायचा, टाच कशी दाबायची, किती वेळ धरून ठेवायची. तेवीस घरांत सर हेच शिकवतात. वीस घरांत आठ दिवस होतं आणि मग सुगी येते, लग्न येतं, कोणी आजारी पडतं, राहून जातं. शितलने चार वर्षांत एक दिवस मोडला नाही. झेंडू तोडायला पहाटे जायचं असलं तर त्याच्या आधी उठून पोरीचे पाय चोळायची. बिरदेवने टोमॅटोच्या मांडवाचे बांबू आणून अंगणात दोन्हीकडे मेढी रोवून कमरेइतक्या उंचीवर आडवे बांधले. त्यांना धरून पोर उभी राहायला शिकली, मग सरकायला. बांबू हाताने घासून घासून गुळगुळीत झाले.

आणि गेल्या गणपतीत, सर अंगणात उभे असताना, तिने बांबू सोडला. गोठ्याच्या मेढीपासून पाण्याच्या हौदापर्यंत ती डुलत, चवड्यांवर, दोन्ही हात पसरून चालत गेली. अकरा पावलं. हौदाला धरून मागे वळली आणि म्हणाली, "मोजली का?"

सरांनी मोबाइलवर ते टिपलं होतं. पुढचे पंधरा दिवस त्यांनी ते चहाच्या टपरीवर दाखवलं, पंचायत समितीत दाखवलं, पेट्रोल भरणाऱ्या पोराला दाखवलं. स्वतःच्या मुलीचा दहावीचा निकालही त्यांनी इतक्या लोकांना सांगितला नव्हता.

पुण्याच्या डॉक्टरांनी प्रांजलला तपासून सांगितलं होतं की टाचेमागचा आखडलेला स्नायू सैल करायची एक शस्त्रक्रिया केली तर टाच जमिनीला टेकेल आणि ही मुलगी शाळेपर्यंत चालत जाईल. पण दहावं वर्ष लागायच्या आत करा, म्हणाले, नंतर हाडं वळतात. प्रांजलला नववं सरत आलेलं. शस्त्रक्रिया सरकारी खर्चाने होणार होती. यादी एप्रिलमध्ये ठरायची आणि यादीत नाव यायला अपंगत्वाचा चालू दाखला लागायचा, किमान चाळीस टक्क्यांचा. चाळीस ही या सगळ्या कारभाराची वेस. आत असाल तर गावचे, बाहेर असाल तर कोणाचेच नाही. प्रांजलचा जुना दाखला साठ टक्क्यांचा होता, पण तो तात्पुरता, पाच वर्षांपुरता. दिवाळीत त्याची मुदत संपली. डिसेंबरात शिरूरला एका मंगल कार्यालयात तपासणीचं शिबिर लागलं.

शिबिराच्या आदल्या दिवशी सर सगळ्या आयांना फोन करतात आणि सगळ्यांना एकच सांगतात. "लेकराला उचलून आणा. जे येत न्हाई ते आधी सांगा. जे येतं ते इचारलं तरच सांगा." ही काही लबाडी नव्हे. डॉक्टरला एका लेकरामागे पाच मिनिटं मिळतात, आणि त्या पाच मिनिटांत लेकराचे अख्खे तीनशे पासष्ट दिवस दिसले पाहिजेत, एवढीच त्यामागची कळकळ. शितललाही त्यांनी हेच सांगितलं होतं.

पण घरात सासूबाई होत्या, धुरपदा आजी. साहेबापुढे जायचं आणि लेकरू तसंच न्यायचं? आजीने नातीला ठेवणीतला पिवळा फ्रॉक घातला, दोन वेण्या घालून त्यात शेवंती माळली, गालाला तीट लावली. मंगल कार्यालयात रांगेत बसलेली प्रांजल करवलीसारखी दिसत होती. सरांनी तिला पाहिलं, कपाळाला हात मारला आणि मग न राहवून म्हणाले, "काय दिसतीय गं!"

आत डॉक्टर तरुण होते, थकलेले, पण बोलायला गोड. त्यांनी पाय वाकवून पाहिले, गुडघ्यावर ठोकून पाहिलं आणि विचारलं, "चालते का?"

शितल सासरच्या माणसांपुढे बोलावं तसं खाली बघत काहीतरी पुटपुटत होती. तेवढ्यात सर पुढे झाले. अठरा वर्षांची सवय. समोर अधिकारी बसला आहे, हातात पेन आहे, त्याने मुलाबद्दल विचारलं आहे. अशा वेळी शिक्षकाने काय करायचं असतं? आपल्या विद्यार्थ्याची प्रगती दाखवायची असते. केंद्रप्रमुख येवो की शिक्षणाधिकारी, सर हेच करत आले होते. आदल्या दिवशी तेवीस आयांना शिकवलेलं सगळं त्यांच्या डोक्यातून पार पुसलं गेलं.

"प्रांजल, दाखव डॉक्टरांना," ते म्हणाले.

आणि तिने दाखवलं. मंगल कार्यालयाची गुळगुळीत फरशी, सगळ्यांचे डोळे तिच्यावर, वेण्यांत शेवंती. ती चौदा पावलं चालली, कधी चालली नव्हती तेवढी. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी वाजवल्या, डॉक्टरांनीही वाजवल्या. "वा! आईनं फार कष्ट घेतलेत," म्हणाले आणि लिहायला लागले. सरांची छाती फुगली होती. गाडी सुरू करून घोडनदीच्या पुलावर आले तेव्हा कुठे आपण काय करून बसलो ते त्यांना उमगलं. गाडी बाजूला घेऊन ते कठड्याला टेकून उभे राहिले.

आठवड्याने मोबाइलवर दाखला उतरला. पस्तीस टक्के.

डॉक्टरांनी खोटं काही लिहिलं नव्हतं. त्यांनी जे पाहिलं ते मोजलं. चार वर्षांच्या कष्टाने पोर साठावरून पस्तीसवर आली होती, आणि तेच तिच्या मुळावर आलं. आणखी चालता यावं म्हणून जी शस्त्रक्रिया हवी होती, ती तिला चालता येतं म्हणून मिळणार नव्हती. या कोड्यावर रागवायचं तर कोणावर रागवायचं हेही सरांना कळेना. मग ते स्वतःवरच रागवले, कारण तो माणूस सगळ्यांत जवळ होता.

सांगायला गेले तेव्हा बिरदेव झेंडूला पाणी धरत होता. खोरं चिखलात रोवून त्याने सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी चालली म्हणून गेलं?"

"व्हय."

"मंग आता?"

"फेरतपासणीचा अर्ज केलाय. मार्चात वरवंडला शिबिर हाय, दौंड तालुक्यात. तिथली तारीख भेटंल."

बिरदेवने खोरं उपसून पाणी पुढच्या सरीत वळवलं. मग शांतपणे म्हणाला, "सर, चालाय तुमीच शिकवलं. आता बसवा बी तुमीच." त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की हेही सरांना येत असेल.

निघताना सर शितलला एक वाक्य बोलून गेले. "तपासणी हुईपर्यंत जरा बेतानं घ्या. लई चालवू नका." बोलताना त्यांना ते फार मोठं वाटलं नाही. एकोणीस वीस इकडे तिकडे, एवढाच हिशोब. पण ते शितलशी बोलत होते, हे विसरले. तिने त्यांचा शब्द आजवर कधी एकोणीस-वीस केला नव्हता.

जानेवारी आणि फेब्रुवारी सर त्या घरी फिरकले नाहीत. सर्वेक्षण होतं, दौंडच्या शिबिरासाठी धावपळ होती, नदीपलीकडच्या एका मुलाला खुर्ची मिळायची होती. कारणं सगळी खरी होती. पण वडगाव रासाईचा फाटा लागला की सरांचा हात ॲक्सिलरेटरवर आपोआप पिळला जायचा, हेही खरं होतं. त्यांना त्या पोरीच्या तोंडाकडे बघायची लाज वाटत होती.

शिबिराला आठ दिवस उरले तेव्हा कागदांवर सह्या घ्यायच्या म्हणून जावंच लागलं. अंगणात शिरले आणि जागीच थबकले. बांबू नव्हते. दोन्हीकडे मेढी रोवलेल्या जागी नुसते बुजवलेले खड्डे. बांबू पलीकडे टोमॅटोच्या मांडवाला लागले होते आणि त्यांच्यावर वेल चढला होता.

प्रांजल भिंतीला टेकून घोंगडीवर बसली होती. पाटीवर काहीतरी काढत होती. सरांना बघून हसली, पण उठायचा प्रयत्न केला नाही. सर खाली बसले आणि नेहमीच्या सवयीने तिची पोटरी हातात धरली. ती लाकडासारखी लागली. टाच खाली दाबून पाहिली, पोर "आई गं" म्हणून ओरडली.

"व्यायाम?" सरांनी विचारलं.

"तवापासनं बंद हाय की," शितल म्हणाली. "तुमीच म्हणला हुता. चोळाय बी न्हाई लागले मी. म्हटलं, पाय मोकळा व्हायचा आन् परत पस्तीस यायचं." ती हे सांगताना त्यांच्याकडे अशी बघत होती की सगळं बरोबर केलं ना, एवढंच तिला ऐकायचं होतं. मग हळूच म्हणाली, "राती रडती. पाय दुखतुय म्हणती. पर मी मन घट्ट केलंय, सर."

त्या क्षणी सरांनी काय करायला हवं होतं ते त्यांना पुरेपूर माहीत होतं. तेल मागवायचं, बाही सारायची आणि तिथेच पाय ताणायला बसायचं. ताई, माझं चुकलं, आत्ताच्या आत्ता सुरू करा, असं म्हणायचं. पण आठ दिवस उरले होते. आणि आठ दिवस कसून चोळलं तर पोर कदाचित पुन्हा दोन-चार पावलं टाकेल, आणि दोन-चार पावलांचे किती टक्के होतात हे त्यांना सांगता येत नव्हतं.

"आठ दिवस ऱ्हायलेत," ते म्हणाले. "आता राहू द्या."

मग ते प्रांजलकडे वळले. नऊ वर्षांची, सगळं कळणारी पोर. तिला फसवायचं नाही, एवढं तरी त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी तिला सरळ सांगितलं की कागदावर चाळीस आले तर पायाचं ऑपरेशन होईल, आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं तर चालायचं नाही. फारच म्हणाले तर एक पाऊल टाकायचं आणि पडायचं.

"मुद्दाम?"

"व्हय."

"लबाडी झाली की मंग."

"झाली," सर म्हणाले. "माझ्या नावावर."

तिने पाटीवरचं पुसलं. "पर मला येतंय, सर. चौदा आल्ती. तुमीच टाळ्या वाजवल्या." सरांनी फायलीतले कागद काढले. त्यांनी सह्या घेतल्या, चहा न पिता निघाले.

वरवंडच्या शिबिराला या वेळी शेवंती नव्हती, फ्रॉकही घरातला जुनाच. बिरदेव पोरीला खांद्यावर घेऊन आला होता. आजी घरी राहिली होती. दोन तास रांगेत बसले. सरांनी आणखी तीन आयांना झेरॉक्स दिल्या आणि एकीलाही झापलं नाही. त्या आया एकमेकींकडे बघायला लागल्या, सरांना बरं नाही की काय.

आत या वेळी डॉक्टरीण होत्या, वयस्क, चष्मा नाकावर घसरलेला. त्यांनी पाय तपासले, कपाळाला आठी घातली आणि प्रांजललाच विचारलं, "चालता येतं का गं बाळा?"

"न्हाई," शितल घाईघाईने म्हणाली.

"येतं," प्रांजल म्हणाली.

आणि कोणी काही करायच्या आत ती खुर्चीवरून घसरून उभी राहिली. टेबलाची कड धरली होती ती सोडली. दोन्ही हात पसरले. तिच्या तोंडावर तेच होतं जे अंगणात बांबू सोडताना होतं. ओठ दाबलेले, नजर समोर. तिला लबाडी करायची नव्हती. तिला चौदा पावलं चालायची होती.

गोकुळ सर भिंतीला चिकटून उभे होते. या मुलीला उभं राहायला त्यांनी शिकवलं होतं. तिने पहिलं पाऊल टाकलं त्या दिवशी ते घरी जाऊन रडले होते. आणि आता तिने पाय उचलला तेव्हा त्यांच्या मनात एकच शब्द आला. पड. देवाकडे काही मागावं इतक्या कळवळून ते मनात म्हणत होते, पड, बाई, पड.

पहिलं पाऊल कसंबसं टेकलं. दुसऱ्याला गुडघे एकमेकांवर चढले आणि ती तोंडावर आपटली. हातही पुढे आले नाहीत. हनुवटी फुटली.

डॉक्टरीणबाई खुर्ची सारून उठल्या. शितलने पोरीला उचललं. कापूस आला, पाणी आलं. बाईंनी पुन्हा एकदा दोन्ही पोटऱ्या दाबून पाहिल्या, मागचा कागद मागून घेतला आणि वाचून म्हणाल्या, "पस्तीस कोणी लिहिले हे? किती आखडलेत पाय." मग वळून सरांना म्हणाल्या, "हिचा व्यायाम कोणी घेत नाही का?" बाईंनी लिहिलं. पंचावन्न टक्के.

बाहेर येताच बिरदेवने डोळे पुसले. शितल सगळ्यांदेखत सरांच्या पाया पडायला वाकली. सर मागे सरकले तर म्हणाली, "तुमच्यामुळं झालं, सर. एप्रिलात यादीत नाव लागंल ना आता?" लागेल, सर म्हणाले. आणि उद्यापासून व्यायाम सुरू करा, मी रोज येईन, हेही म्हणाले. बिरदेव गाडी आणायला गेला. शितल पाण्याची बाटली भरायला नळाकडे गेली. प्रांजलला तेवढा वेळ सरांनी कडेवर घेतलं.

पोरीच्या हनुवटीला कापूस चिकटवला होता. तिने सरांच्या शर्टाची कॉलर मुठीत धरली आणि कानाशी तोंड आणून म्हणाली, "सर, मी मुद्दाम न्हाई पडले."

सरांनी मान हलवली.

"खरंच," ती म्हणाली. "मला आलंच न्हाई."